आधी फळा, मग गळा

सुरुवातीलाच सांगते, माझे अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला कधीच जमले नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही मधे मधे गोवर आणि भातलावणीच्या सुट्ट्या घालून. नातवाची अर्धी कोरी वही पडून होती, तिच्यात लिहिते आहे. कोणाच्या हाती लागलीच तर चुकांकडे कानाडोळा करावा.

ज्यांच्याबद्दल लिहायचे आहे ते आमच्या पडवीत चार वर्षे राहिले. सन तीसच्या पुढची गोष्ट. रत्नागिरी बंदरावर माल उचलणाऱ्या बायाबापड्यांचा संघ निघाला होता, मुंबईच्या मोठ्या युनियनची इथली शाखा. तिचे हे चिटणीस. त्यांना नाव होते, पण त्या नावाने कोणी हाक मारलेली मला आठवत नाही. चिटणीस म्हणजे चिटणीस. पूर्वी ते मुंबईला गिरणीत होते. तिथल्या संपात त्यांच्यातल्याच एकाने सगळ्यांची नावे जॉबरला, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाला, नेऊन दिली आणि सगळे घरी बसले. हे त्यांनी मला एकदाच सांगितले, तेही कोणाचे नाव न घेता. नाव घेतले असते तर मला बरे वाटले असते. नाव नाही म्हटल्यावर तो माणूस कोणीही असू शकतो, आणि चिटणीस तसेच वागत.

पडवी बघायला आले तेव्हा भाडे किती, पाणी कुठे, हे काही विचारले नाही. चारी भिंतींवर बोटाच्या पेराने ठोकून बघितले, कान लावला, आणि आमच्या ह्यांना विचारले, "ह्या भिंतीपलीकडे कोण निजतं?"

"आम्हीच," हे म्हणाले.

"घोरता का?"

"अहो, मला कसं कळणार?"

"वहिनींना विचारा. घोरणारा माणूस बरा. झोपलाय का जागा आहे ते समजतं."

हे हसले. चिटणीस हसले नाहीत.

त्यांच्या सगळ्या सवयी अशाच. पत्र आले की आधी उजेडात धरत, मग पाकिटाच्या डिंकाचा वास घेत, मग बाजूची कड फाडून उघडत; डिंकाच्या जागेला हात लावत नसत, ती जपून ठेवत. पेटीला दोन कुलपे, आणि पेटीत काही नाही. कागद कुठे ठेवत ते आम्हाला चार वर्षांत समजले नाही. मी कधी वाटीभर आमटी पाठवली तर वाटी घासून परत येई आणि तिच्यात चिठ्ठी: "वहिनींकडून एक वाटी कुळथाची आमटी पोचली." विश्वास ठेवला तर पावती घ्यावी, असे त्यांचे म्हणणे. पहिली चिठ्ठी वाचून सासूबाई म्हणाल्या, "हा मेला उद्या श्वास घेईल त्याची पण पावती मागेल देवाजवळ."

बोलताना ते तोंडापुढे हात धरत. समोरच्या माणसाखेरीज कोणाला ओठ दिसू नयेत म्हणून. त्यामुळे समोरच्यालाही अर्धे समजत नसे.

पडवीच्या रस्त्याकडच्या भिंतीवर त्यांनी एक फळा टांगला होता. कुठल्या तरी शाळेचा मोडीत काढलेला, एक कोपरा तुटका. शनिवारी बंदरावर आठवड्याचा पगार होई. त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी चार वाजता, चिटणीस फळ्यावरचे गोणपाट काढत. चारच्या आधी कोणी गोणपाटाला हात लावला तर त्याची धडगत नसे. फळ्यावर सगळे असे: पुढच्या आठवड्यात आगबोटी किती, पोत्यामागे दर काय ठरला होता आणि मुकादमाने काय दिला, कोणाच्या पायावर पेटी पडली, त्याला औषधाचे पैसे मिळाले का. संघाची कोणतीही बातमी कोणीही फळ्याच्या आधी तोंडाने सांगायची नाही. "आधी फळा, मग गळा," हे त्यांचे वाक्य इतके चालले की बायका वरातीत उखाण्यासारखे म्हणत.

आणि प्रत्येक बातमीपुढे ते एक शब्द लिहीत. स्वतः बघितले असेल तर 'पाहिलेले'. नाही तर 'ऐकलेले'. 'ऐकलेले' लिहिताना खडू इतका हळू टेकत की ते अक्षर लांबून दिसतच नसे.

एकदा त्यांना कार्ड आले की मंडणगडची मावशी वारली. आम्ही सगळे हळहळलो, सासूबाईंनी आंघोळीला पाणी काढून दिले. ते आंघोळीला उठले नाहीत. म्हणाले, "ऐकलेले आहे." दुसऱ्या दिवशी पहाटे पिशवी घेऊन निघाले. दहा दिवसांनी परत आले, पायांना फोड, खांद्यावर फणस. मावशी धडधाकट होती, तिनेच फणस दिला होता. कार्ड पाठवणाऱ्या तिच्या पुतण्याला ती मेली असे दाखवून तिचे शेत नावावर करून हवे होते. त्यानंतर त्यांच्या संशयाला हसणे आम्हाला जरा अवघड झाले.

पुढे बऱ्याच वर्षांनी चिटणीस वारले असे आमच्या कानावर आले. मला कोणी ते दाखवलेले नाही, म्हणून इथे ते वारले असे मी लिहीत नाही.

फळा वाचायला मी कशी लागले ते सांगते. बंदरावर डोक्यावरून ओझी वाहणाऱ्या चाळीसएक बायका होत्या, त्यांतल्या एकीलाही अक्षर येत नव्हते. चिटणीस स्वतः वाचून दाखवत, पण तोंडापुढे हात. एका शुक्रवारी भागीरथी पुढे झाली. ही त्या बायकांत वयाने मोठी, आवाजानेही. म्हणाली, "ओ चिटणीस, तो हात काडा की तोंडापुढचा! तुमचे दात कोण चोरून नेत नाय."

त्या वेळी मी दाराआड उभी राहून फळ्यावरचे स्वतःशीच पुटपुटत होते. भागीरथीचे कान तिखट. "ह्या बगा वयनी वाचतायत. साखरेसारखं ऐकू येतंय."

चार माणसांपुढे मला आपले नाव सांगता येत नसे. पण दार अर्धे लोटून, आत उभी राहून, कोणी मला बघत नाही अशा बेताने मी वाचले. पुढच्या शुक्रवारीही वाचले. मग तेच ठरून गेले. जोडाक्षरांवर मी अडखळते हे चिटणिसांना दिसले, तेव्हा ते फळ्यावरचा मजकूर गुरुवारी संध्याकाळीच एका कागदावर लिहून मला देऊ लागले. "तयारी करा. झाली की कागद चुलीत." मी प्रत्येक कागद चुलीत घातला. त्यात मी कधी चुकले नाही.

त्या साली आंब्याच्या दिवसांत मुकादमाने नवीनच काढले. करंडी दबली की वाहणाऱ्या बाईला एक आणा दंड. दबलेली करंडी दाखवायची नाही, फक्त नाव पुकारायचे आणि हजेरीवाल्याने वहीत मांडायचे. दिवसभर उन्हातान्हात वाहून चार आणे मिळाले तर नशीब, त्यातला एक असा जायचा. बायकांना लिहिता येत नव्हते, म्हणून प्रत्येकीने कमरेला काथ्याची दोरी बांधली आणि दंड झाला की एक गाठ मारायची. ही युक्ती चिटणिसांची. ते दर दोन दिवसांनी गाठी बघत, आणि गाठ मारताना बाजूला कोण होती तिलाही विचारत. भागीरथीच्या दोरीला चौदा गाठी झाल्या तेव्हा त्यांनी एका गुरुवारी मला कागद दिला: उद्या पगाराच्या वेळी सर्व बायकांनी दोरी दाखवून दंड परत मागावा, तो मिळेपर्यंत पगाराच्या कागदावर अंगठा देऊ नये. शुक्रवारी वाचायचे म्हणून त्यांनी 'उद्या' लिहिले होते.

पण शुक्रवारी दुपारी, फळ्यावरून गोणपाट निघायच्या आधीच, मुकादमाने एक दिवस अगोदर पगार वाटला. आणि पगाराबरोबर सगळ्यांचे अंगठे घेतले एका वेगळ्या कागदावर. चार वाजता बायका हसत आल्या. त्यांना वाटले, मुकादमाला पाझर फुटला. चिटणिसांनी विचारले, कागदावर काय होते? कोणाला माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी ते स्वतः जाऊन बघून आले. 'माझी कोणतीही बाकी राहिली नाही.'

त्या दिवसापासून आमच्या घराची हवा फिरली. आतल्या कोणी तरी सांगितले होते, एवढे उघड होते. चिटणीस आणि मी सोडून मजकूर ठाऊक असलेली माणसे तीनच: संघाचे खजिनदार, भागीरथी आणि आमचे हे. हे पडावावर खलाशी, आगबोटीतून उतारू आणि माल किनाऱ्याला आणत. मुकादमाशी त्यांचे रोजचे बोलणे. चिटणीस ह्यांच्याकडे बघत ते मला दिसे. बायका पाण्याला जाताना आमच्या दारावरून गप्प जाऊ लागल्या. भागीरथी खजिनदाराला तोंडावर म्हणाली, "तंबाखू तुला मुकादम पुरवतोय, त्याची थुंकी आमच्या अंगावर." खजिनदार म्हणाला, "तू आदी तुझ्या सुनेला विचार, ती कोणाच्या घरी भांडी घासते." आणि आमचे हे रात्री जेवता जेवता ताट सारून म्हणाले, "काढतो त्याला पडवीतून. माझ्याच घरात राहून माझ्याच पाठीवर डोळे ठेवतो." मला ह्यांच्यावर भरवसा होता. पण खोटे का लिहू, त्या रात्री मीही ह्यांच्याकडे दोनदा बघितले.

चिटणिसांनी काय केले ते आम्हाला नंतर समजले. त्यांनी प्रत्येकाला वेगळी बातमी दिली. खजिनदाराला सांगितले, लांज्याहून वकील येणार. भागीरथीला सांगितले, मामलेदाराकडे अर्ज जाणार. ह्यांना सांगितले, सोमवारी पडाव बंद. तिघांनाही ताकीद, कोणाला बोलू नका. आणि माझ्या गुरुवारच्या कागदावर शेवटी एक ओळ होती: रविवारी सकाळी भाट्याच्या वाळूत सर्व बायकांची सभा. शुक्रवारी ती ओळ फळ्यावर नव्हती. "रद्द झाली, वाचू नका," एवढेच म्हणाले.

रविवारी ते पहाटेच तरीने खाडी ओलांडून भाट्याला गेले. वाळूत मुकादमाची दोन माणसे बसली होती. ऊन डोक्यावर येईपर्यंत बसली होती.

ते परत आले ते थेट माझ्या चुलीच्या दारात. चार वर्षांत एकदाच ते तिथे आले. तोंडापुढे हात नव्हता.

"वहिनी, भाट्याचं मी फक्त तुम्हाला लिहून दिलं होतं."

"मी कोणाला बोलले नाही. देवाशपथ नाही बोलले. कागद जाळला."

"माहीत आहे. राख बघितली मी." मग म्हणाले, "तयारी कशी करता?"

"वाचते."

"कशी वाचता?"

"मोठ्यानं. मला मनात वाचता येत नाही. शाळेत आम्हाला मोठ्यानंच वाचायला लावत."

"कुठे बसून?"

"मागीलदारी. पाटावर." आणि हे बोलता बोलताच माझ्या लक्षात आले.

आमच्या मागीलदाराच्या कुंपणापलीकडे कावेरीचा गोठा. तिचा नवरा बंदरावर हजेरीची वही लिही, म्हणजे मुकादमाचाच माणूस. गुरुवारी संध्याकाळी ती धार काढायला येई. पहिल्यांदा माझा आवाज ऐकून तिने विचारले होते, "काय गो, कसली पोथी वाचतेस?" मी हसून म्हटले होते, "चिटणिसांची." तिला वाचता येत नव्हते. तिला ऐकायला आवडे. म्हणे, तू वाचतेस तेव्हा म्हस पण गप उभी ऱ्हाते. आणि मी, माझ्या आवाजाचे आयुष्यात कोणी कौतुक केलेले नव्हते ती मी, तिच्यासाठी थोडे मोठ्याने वाचत असे.

चिटणीस उंबऱ्यावर बसले. भिंती ठोकणारा माणूस. म्हणाले, "माझंच चुकलं. मी बोलणाऱ्या माणसांवर नजर ठेवली."

मला वाटले, आता माझे वाचणे संपले. पण गुरुवारी त्यांनी पुन्हा कागद दिला. तो नेहमीपेक्षा लहान होता. दंडाची बाब संघाने सोडून दिली आहे. बायकांनी दोऱ्या चुलीत घातल्या. सोमवारी मुंबईहून आगबोट कंपनीचे मोठे साहेब येतील तेव्हा कोणी काही बोलू नये.

"हे खरं आहे?" मी विचारले.

"हे मागीलदारासाठी आहे," चिटणीस म्हणाले. "मोठ्यानं वाचा."

मी नाही म्हणायला हवे होते की नको, हे मला आजही ठरवता आलेले नाही. एकीकडे चाळीस बायका, एकीकडे एक. पण ती एक माझी होती. मी पाटावर बसले आणि वाचले. एकदाही अडखळले नाही. कुंपणापलीकडून कावेरी म्हणाली, "बरं झालं गो बाय, मिटलं एकदाचं. आमच्या घरात पण चैन नव्हती. हा रोज जेवताना वही वही करतो नि पोरांवर वसकन ओरडतो." मी म्हटले, "हो ना."

सोमवारी आगबोट लागली. मुकादम निर्धास्त होता. साहेबांचे सामान पुष्कळ, उचलायला बायका पाठवा असे ह्यांच्या पडावाच्या तांडेलाने, म्हणजे मुख्य खलाशाने, सांगितले, तेव्हा त्याने सात बायका पडावात चढू दिल्या. त्यांत भागीरथी. पुढचे मी बघितलेले नाही, ह्यांनी आणि भागीरथीने सांगितले ते लिहिते. साहेब पडावात उतरून बसले आणि पडाव किनाऱ्याकडे निघाला तो नेहमीच्या निम्म्या वेगाने. मधल्या पाण्यात सातही जणींनी कमरेच्या दोऱ्या सोडून साहेबांच्या मांडीवर ठेवल्या. साहेबांना मराठी समजत होते, आणि पडावातून उठून जायला जागा नव्हती. लाटेने त्यांना मळमळत होते.

"हे काय?" ते म्हणाले.

"दंड. एका गाठीला एक आणा," भागीरथी म्हणाली.

"कसला दंड? कंपनीचा असा काही दंड नाही."

"मग कोणी घेतलान?"

साहेबांनी किनाऱ्यावर आल्यावर हजेरीची वही मागवली. मुकादमाने अंगठ्यांचा कागद पुढे केला. साहेब म्हणाले, "ह्या बायकांनी तर लिहून दिलं आहे, बाकी नाही म्हणून."

तेव्हा भागीरथीने जे उत्तर दिले ते आमच्या मांडवी बंदरावर पुढे कितीतरी दिवस लोक बोलून दाखवत. ती म्हणाली, "सायेब, आमाला वाचून दाखवणारी एकच बाय हाय, नि ती तुमच्या हाफिसात नाय."

साहेबांनी निवाडा केला. सर्व दंड परत करायचा, निम्मा मुकादमाने, निम्मा वही लिहिणाऱ्याने. दोघांनी वाटून घेतला असेल तर दोघांनी भरावा. मुकादमाने तिसऱ्याच दिवशी आपला वाटा टाकला, त्याला ते काही जड नव्हते. कावेरीच्या नवऱ्याला जड होते. त्याच्या वाट्याला दंडातले किती आले होते कोण जाणे. मला वाटते काहीच नाही, त्याला फक्त नोकरी राखायची होती. पण हे ऐकलेलेसुद्धा नाही, नुसते वाटणे आहे.

तो दर शनिवारी थोडे थोडे देई. पावसाळ्यात बंदर बंद झाले तेव्हा तेही थांबले. कावेरीने एक पाडी विकली. माझ्याशी ती बोलत नव्हती. गोठ्यात यायची वेळ तिने बदलली.

एका शुक्रवारी भागीरथीच म्हणाली, "चिटणीस, ऱ्हाऊ दे आता. पोरं लहान हायत तिची. आमचं राहिलेलं सोडलं आमी."

"सोडायचं नाही," चिटणीस म्हणाले. "आज सोडलंत तर उद्या तिचा नवरा म्हणेल, घेतलंच नव्हतं."

बायका गेल्यावर मी दाराआडून म्हटले, "खरंच सोडा. माझ्यासाठी सोडा." मी त्यांच्याकडे आपणहून काही मागितले ते पहिल्यांदाच.

ते फळा पुसत होते. पाठ न वळवता म्हणाले, "वहिनी, तुम्ही तिच्याशी खोटं बोललात, ते तुम्हाला लागलं आहे. मलाही लागलं आहे, लिहून मीच दिलं. पण त्याचे पैसे ह्या बायकांनी का भरायचे?"

त्यांचा मला राग आला. अजूनही थोडा आहे.

नारळी पौर्णिमा झाली, आगबोटी सुरू झाल्या. आश्विनातल्या एका शुक्रवारी चार वाजता पडवीपुढे बायका जमल्या होत्या. गोणपाट नुकते निघाले होते. मी दाराआड उभी. तेवढ्यात बायका बाजूला झाल्या आणि कावेरी पुढे आली. मागीलदारानेच जिचे येणे-जाणे, ती रस्त्याने, पुढल्या अंगाने आली. तिने पदराची गाठ सोडली आणि नाणी चिटणिसांपुढे ठेवली.

"मोजा," ती म्हणाली.

चिटणिसांनी मोजले. मग एकेकीचे नाव घेऊन तिच्या तिच्या हातात दिले. भागीरथीचे सात आणे शेवटी राहिले होते, ते तिला दिले. भागीरथी म्हणाली, "बाये, मनात नको ठेवू." कावेरीने तिच्याकडे बघितले नाही.

"झालं ना सगळं?" तिने चिटणिसांना विचारले.

"सगळं."

मग ती दाराकडे वळली. मी तिला दिसत नव्हते, पण मी कुठे उभी असते ते तिला ठाऊक होते.

"मग आता वाच," ती म्हणाली. "मोठ्यानं वाच."

चिटणिसांनी दंड फिटल्याची ओळ तिथेच फळ्यावर लिहिली. मला ती आधी दिलेली नव्हती, तयारी केलेली नव्हती. मी दार सगळे उघडले आणि बाहेर येऊन, सगळ्यांच्या देखत, अडखळत अडखळत वाचले: बंदरावरील सर्व बायकांचा दंड आज पुरता फिटला, कोणाचे काही राहिले नाही.